टन प्रतिदिनापासून मायक्रोग्रॅम प्रतिसेकंदापर्यंत: वस्तुमान प्रवाहाची एककं न चुकता कशी बदलायची

प्रश्न: आमचा साखर कारखाना ५००० टीसीडीचा, म्हणजे रोज ५००० टन ऊस गाळण्याच्या क्षमतेचा आहे. गाळप टन प्रतिदिनात मोजतो, वाफ टन प्रतितासात. नवा फ्लोमीटर किलो प्रतिसेकंद दाखवतो, डोसिंगचा (रसायनाची मात्रा देण्याचा) कागद मिलिग्रॅम प्रतिसेकंदात आहे आणि बॉयलरच्या पाण्यातला ऑक्सिजन पीपीबीत (अब्जात एक भाग). एकातून दुसऱ्यात नेताना कधी हजारपट चूक होते, कधी साडेतीनपट. भरवशाची एखादी रीत आहे का?

उत्तर:

रीत आहे, आणि ती वहीच्या कोपऱ्यातही करता येते. वस्तुमान प्रवाहाच्या प्रत्येक एककात दोन गोष्टी असतात: वर वस्तुमान, खाली वेळ. वस्तुमान बदललं (टनाचे किलो, किलोचे ग्रॅम, ग्रॅमचे मिलिग्रॅम) की फक्त दशांश चिन्ह सरकतं, आकडे तेच राहतात. वेळ बदलली की आकडेच बदलतात, कारण ६०, २४ आणि ३६५ हे दहाचे घात नाहीत. ही दोन कामं एका दमात केली की चुका होतात. आधी वेळ बदला, आकडे लिहून ठेवा आणि मग शून्यं मोजा.

तुमचंच गाळप घेऊ. ५००० टन प्रतिदिन. एका दिवसात ८६,४०० सेकंद. ५००० भागिले ८६,४०० म्हणजे ०.०५७८७ टन प्रतिसेकंद. वेळेचं काम इथे संपलं. ५७८७ हे आकडे आता बदलणार नाहीत. पुढे नुसती सरकासरकी: ५७.८७ किलो प्रतिसेकंद, ५७,८७० ग्रॅम प्रतिसेकंद, ५ कोटी ७८ लाख ७० हजार मिलिग्रॅम प्रतिसेकंद. शेवटच्या आकड्याची कारखान्यात कोणाला गरज नाही, पण तिथपर्यंत पोचताना आकडे हलले नाहीत, हे डोळ्यांनी तपासता येतं.

यातूनच एक फार उपयोगी सवय लागते. प्रत्येक वेळ-बदलाचे आकडे ठरलेले असतात. एक टन प्रतितास म्हणजे ०.२७७७८ किलो प्रतिसेकंद. एक टन प्रतिदिन म्हणजे ०.०११५७४ किलो प्रतिसेकंद. एक टन प्रतिवर्ष, ३६५ दिवस धरून, म्हणजे ३१.७१ मिलिग्रॅम प्रतिसेकंद. मिनिटातून सेकंदात जाताना १६६६७ येतात, दिवसातून तासात जाताना ४१६६७. लॉगशीटवर कोणी "१ टन प्रतितास = ०.०१६६७ किलो प्रतिसेकंद" लिहिलेलं दिसलं, तर शून्यं मोजायची गरजच नाही. १६६६७ हे मिनिटाचे आकडे आहेत, म्हणजे लिहिणाऱ्याने ६० ने एकदाच भागलंय आणि वर शून्यांचाही घोळ घातलाय. आकडे चुकले तर वेळेत चूक, आकडे बरोबर पण दशांश चिन्ह चुकलं तर वस्तुमानात चूक. शोध निम्म्यावर येतो.

उलट दिशेला एक जोडी पाठ असावी: १ किलो प्रतिसेकंद म्हणजे ३.६ टन प्रतितास आणि ८६.४ टन प्रतिदिन. तुमची "साडेतीनपट" चूक बहुधा हीच ३.६ आहे. मीटर किलो प्रतिसेकंद दाखवत असतो आणि वाचणारा ते टन प्रतितास समजतो. ५७.८७ आणि २०८.३ हे दोन्ही आकडे या कारखान्यात शक्य कोटीतले वाटतात, त्यामुळे ही चूक पाळीच्या पाळी कोणाच्या लक्षात येत नाही. हजारपट चूक त्यामानाने सज्जन. ती लगेच ओरडते.

टीसीडीतला दिवस किती तासांचा

टीसीडी टन प्रतितासात नेताना आधी विचारा, हा दिवस २४ तासांचा की २२ तासांचा? आपल्याकडच्या साखर उद्योगात गाळप क्षमता २२ तासांच्या हिशेबाने सांगण्याची पद्धत जुनी आहे. उरलेले दोन तास सफाई आणि थांब्यासाठी सोडलेले असतात. २४ ने भागलं तर ५००० टीसीडीचे २०८.३ टन प्रतितास होतात, २२ ने भागलं तर २२७.३. सेकंदाला ५७.८७ किलो आणि ६३.१३ किलो. फरक नऊ टक्क्यांचा. मिलवर प्रत्यक्ष चालू असताना ऊस २२७ च्या वेगाने येत असेल आणि रसाचा पंप २०८ धरून निवडला असेल, तर टाकी रोज तुंबणार आणि दोष पंपाच्या माथी जाणार. दिवसाची सरासरी आणि चालू क्षणाचा दर या दोन वेगळ्या राशी आहेत. साठा, खरेदी, अहवाल यांना सरासरी लागते. पंप, पाइप, व्हॉल्व्ह यांना चालू दर लागतो.

वर्षाच्या आकड्यांत हाच सापळा मोठा होतो. रोज ५००० टन, १६० दिवसांचा हंगाम, म्हणजे ८ लाख टन. कागदावर "८ लाख टन प्रतिवर्ष" लिहिलेलं असतं. ते ३६५ दिवसांवर पसरवलं तर २५.३७ किलो प्रतिसेकंद येतात, म्हणजे खऱ्या चालू दराच्या निम्म्याहूनही कमी. गणित अचूक आहे, पण उत्तर निरुपयोगी आहे. वर्षातून सेकंदात जाण्यापूर्वी प्रत्यक्ष चालू तास किती, ते लिहून घ्या: दिवस २४ तासांचा धरून इथे ३८४०, ८७६० नव्हे.

पीपीएम आणि पीपीबी: मोठ्यातून लहानात जाणारा पूल

मोठा प्रवाह आणि लहान प्रवाह यांची खरी गाठ डोसिंगमध्ये पडते. पीपीएम म्हणजे वजनाने दहा लाखांत एक भाग. इथे दोन नाती अशी आहेत की ती भिंतीवर लिहून ठेवावीत. १ टन प्रतितास प्रवाहात १ पीपीएम म्हणजे बरोबर १ ग्रॅम प्रतितास. १ किलो प्रतिसेकंद प्रवाहात १ पीपीएम म्हणजे बरोबर १ मिलिग्रॅम प्रतिसेकंद. पीपीबी असेल तर आणखी हजारपट खाली: अनुक्रमे मिलिग्रॅम प्रतितास आणि मायक्रोग्रॅम प्रतिसेकंद. यात कुठेही ३६०० येत नाही, कारण वेळ दोन्हीकडे एकच राहते. म्हणून डोसिंगचा हिशेब शेवटपर्यंत एकाच वेळेच्या एककात करा आणि गरज असेल तरच अगदी शेवटी सेकंदावर जा.

फ्लॉक्युलंटचं, म्हणजे रसातला गाळ एकत्र आणून खाली बसवणाऱ्या रसायनाचं, उदाहरण घेऊ. सोयीसाठी रस उसाच्या वजनाइतकाच, २०८.३ टन प्रतितास धरला आणि मात्रा ३ पीपीएम ठरवली. कोरडं फ्लॉक्युलंट लागेल ६२५ ग्रॅम प्रतितास, म्हणजे दिवसाला १५ किलो. सेकंदावर नेलं तर १७३.६ मिलिग्रॅम. द्रावण ०.०५ टक्क्याचं, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. तेव्हा पंपाने द्यायचे १२५० लिटर प्रतितास. खात्री कशी करायची? पंपाची डिस्चार्ज नळी २० लिटरच्या बादलीत सोडा आणि घड्याळ लावा. बादली ५७ ते ५८ सेकंदांत भरली पाहिजे. साडेतीन मिनिटं लागली, तर कोणीतरी १७३.६ हा आकडा ग्रॅम प्रतितास समजून सेटिंग केलंय. मात्रा ०.८३ पीपीएमवर आलेली असते, क्लॅरिफायरमध्ये (रस निवळण्याच्या टाकीत) गाळ नीट बसत नाही आणि निवळ रस गढूळ येतो. उलटी चूक झाली, म्हणजे ६२५ ला मिलिग्रॅम प्रतिसेकंद समजलं, तर मात्रा १०.८ पीपीएम होते: गाळ चिकट होतो, फिल्टरच्या जाळ्या तुंबतात आणि महागडं रसायन प्रेसमडबरोबर (फिल्टरवर उरलेल्या गाळाबरोबर) शेतात जातं.

चुन्याची गोष्ट अशीच, फक्त आकडे मोठे. टनाला १.८ किलो चुना धरला तर ३७५ किलो प्रतितास, म्हणजे १०४ ग्रॅम प्रतिसेकंद. इथे पीपीएमची भाषा कोणी वापरत नाही, पण हवी असेल तर ते १८०० पीपीएम.

बॉयलरच्या पाण्यातला ऑक्सिजन

लहान आकड्यांकडे "नगण्य" म्हणून पाहण्याची सवय इथे महागात पडते, म्हणून हा भाग सविस्तर.

समजा बॉयलरला १०० टन प्रतितास पाणी जातं आणि डीएरेटरनंतर (पाण्यात विरघळलेली हवा काढणाऱ्या टाकीनंतर) त्यात ७ पीपीबी ऑक्सिजन उरतो. वरच्या नात्याने १०० गुणिले ७ म्हणजे ७०० मिलिग्रॅम प्रतितास. सेकंदाला १९४ मायक्रोग्रॅम. साखरेचा बारीकसा दाणाही याहून जड असतो. पण हंगाम ३८४० तासांचा आहे: एकूण २.६९ किलो ऑक्सिजन बॉयलरमध्ये गेला. तो सगळा लोखंडाशी संयोग पावला तर कोणता ऑक्साइड बनतो त्यानुसार सव्वासहा ते सात किलो लोखंड खाल्लं जातं. ते नळ्यांवर सारखं पसरून जात नाही, एकेका जागी खड्डा पाडून जातं. डीएरेटरमधली वाफ कमी पडून ७ चे ७० पीपीबी झाले, तरी कंट्रोल रूममधल्या मोठ्या आकड्यांत काहीच हलत नाही. हंगामाअखेर मात्र हिशेब साठ-सत्तर किलो लोखंडाचा असतो.

हा ऑक्सिजन मारायला कमी दाबाच्या बॉयलरमध्ये सोडियम सल्फाइट देतात. रासायनिक समीकरणानुसार १ ग्रॅम ऑक्सिजनला ७.८८ ग्रॅम सल्फाइट लागतं. ०.७ ग्रॅम प्रतितासाला ५.५ ग्रॅम प्रतितास. पाण्यात शिल्लक ठेवायची जास्तीची मात्रा वेगळी. ५ टक्के द्रावणात लिटरला ५० ग्रॅम असतं. तेव्हा पंपाने द्यायचे ताशी ०.११ लिटर, मिनिटाला १.८४ मिलिलिटर. आता पंपाकडे बघा. तो ६ लिटर प्रतितासाचा असेल, तर त्याला २ टक्क्यांहून कमी स्ट्रोकवर चालवावं लागेल. तिथे साधा डायफ्राम पंप नेमका चालत नाही. बॉल व्हॉल्व्हमध्ये हवेचा एक बुडबुडा अडकला की मात्रा शून्य होते आणि पंप तरीही टकटक करत राहतो.

उपाय द्रावण पातळ करण्याचा. अर्ध्या टक्क्याचं केलं की मिनिटाला १८.४ मिलिलिटर, ताशी १.१ लिटर. पंप आरामात चालतो. पण पातळ सल्फाइट टाकीतच हवेतला ऑक्सिजन पिऊन निकामी होतं, म्हणून टाकीला झाकण हवं, ढवळणं बेताचं हवं आणि द्रावण ताजं हवं. कॅलिब्रेशन सक्शनच्या बाजूला मोजनळी लावून करा: १०० मिलिलिटर खाली उतरायला जवळपास ५ मिनिटं २६ सेकंद लागले पाहिजेत. इतक्या लहान प्रवाहाला बादली चालत नाही, आणि एक मिनिटाचं मापही पुरत नाही. स्ट्रोकच्या मधल्या विरामामुळे आकडा मागेपुढे होतो. उच्च दाबाच्या सहवीजनिर्मिती बॉयलरला सल्फाइट देऊ नका, तिथे ते तापमानाने फुटतं. त्यांचं रसायन वेगळं असतं, एककांचं गणित मात्र हेच.

कंडेन्सेटमध्ये (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्यात) साखर उतरली की तेही याच नात्याने तपासा. १०० टन प्रतितासात १० पीपीएम साखर म्हणजे ताशी १ किलो, दिवसाला २४ किलो. साखर ओळखण्याच्या अल्फा नॅफ्थॉलच्या चाचणीत जांभळी कडी दिसली की हा आकडा लगेच डोळ्यांसमोर आला पाहिजे.

वर्षाची शिडी, आणि गळती

वर्षातून सेकंदात जाताना एक सुंदर शिडी तयार होते. १ ग्रॅम प्रतिवर्ष म्हणजे ३१.७१ नॅनोग्रॅम प्रतिसेकंद. १ किलो प्रतिवर्ष म्हणजे ३१.७१ मायक्रोग्रॅम. १ टन म्हणजे ३१.७१ मिलिग्रॅम, १००० टन म्हणजे ३१.७१ ग्रॅम, १० लाख टन म्हणजे ३१.७१ किलो प्रतिसेकंद. वर हजारपट, खाली हजारपट, आकडे तेच. खगोलशास्त्राच्या पद्धतीने वर्ष ३६५.२५ दिवसांचं धरलं तर ३१.६९ येतात, कारखान्याच्या कामाला त्याने फरक पडत नाही, पण दोन अहवालांत चौथा आकडा जुळत नसेल तर कारण बहुधा हेच.

या शिडीची सर्वांत खालची पायरी गळती तपासणीत लागते. शीतकाच्या (फ्रिज-एसीतल्या वायूच्या) गळतीची मर्यादा "वर्षाला ५ ग्रॅम" अशी दिलेली असते आणि गळतीमापक मिलिबार लिटर प्रतिसेकंद दाखवतो. हे वस्तुमानाचं एकक नाही. वायूचा रेणुभार आणि तापमान कळल्याशिवाय ते ग्रॅममध्ये नेता येत नाही. २० अंश सेल्सिअसला १ मिलिबार लिटर प्रतिसेकंद म्हणजे हेलियमचे ०.१६४ मिलिग्रॅम प्रतिसेकंद, पण आर-१३४ए या शीतकाचे ४.१९ मिलिग्रॅम. वर्षाला ५ ग्रॅम आर-१३४ए म्हणजे १५८.५ नॅनोग्रॅम प्रतिसेकंद, आणि मापकावर ते ०.००००३८ मिलिबार लिटर प्रतिसेकंद. हेलियमचा गुणक शीतकाला लावला की पंचवीसपट चूक होते.

धुराड्याच्या हिशेबातही घनमीटर मध्ये येतो. धूर ताशी १,८०,००० सामान्य घनमीटर आणि त्यात दर घनमीटरला १५० मिलिग्रॅम धूळ असेल, तर २७ किलो प्रतितास, ७.५ ग्रॅम प्रतिसेकंद. पण तो घनमीटर ० अंशाला मोजला की २५ अंशाला, हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका. यात ९ टक्के जातात. रसाच्या चुंबकीय फ्लोमीटरचंही तसंच. तो घनमीटर मोजतो, वस्तुमान नाही. १५ ब्रिक्सच्या (१५ टक्के विरघळलेले घन पदार्थ असलेल्या) रसाची घनता १.०६ च्या आसपास असते, मळीची १.४ च्या आसपास. घनता १ धरून मळी मोजली तर ताळेबंदातून तीस टक्क्यांच्या आसपास मळी गायब होते.

अक्षरांचे घोळ

"एमटी" हे आपल्याकडे मेट्रिक टनासाठी लिहितात, पण एसआय पद्धतीत मोठा एम म्हणजे मेगा, दहा लाखपट. "एमटीपीए" कोणी मेट्रिक टन प्रतिवर्ष म्हणून लिहितं, कोणी मिलियन टन प्रतिवर्ष म्हणून. अमेरिकन बॉयलरच्या जुन्या कागदांत तर एम म्हणजे हजार आणि दोन एम म्हणजे दहा लाख. "२२० एम पौंड प्रतितास" म्हणजे २,२०,००० पौंड, ९९.८ टन प्रतितास; १०० टनांचाच बॉयलर. तिथला टनही आपला नव्हे: शॉर्ट टन ९०७.२ किलोचा, ब्रिटिश लाँग टन १०१६ किलोचा. साखर क्विंटलमध्ये मोजतात, हे वेगळं सांगायला नको, तरी गुणक सांगून ठेवतो: १०० क्विंटल प्रतिदिन म्हणजे ११५.७ ग्रॅम प्रतिसेकंद. ११ टक्के उताऱ्याने ५००० टनांवर ५५०० क्विंटल, म्हणजे ६.३७ किलो साखर प्रतिसेकंद.

हाताने लिहिताना "मि.ग्रॅ." आणि "मा.ग्रॅ." यांच्यात एका मात्रेचा फरक राहतो आणि डोसमध्ये हजारपट. लॉगशीटवर मायक्रोग्रॅम पूर्ण लिहायचा नियम करा.

चूक सापडत नसेल तर भागाकार करा

मिळालेलं उत्तर आणि अपेक्षित उत्तर यांचा भागाकार काढा. तोच चूक कुठे आहे ते सांगतो. ३.६ आला तर टन प्रतितास आणि किलो प्रतिसेकंद (किंवा ग्रॅम प्रतितास आणि मिलिग्रॅम प्रतिसेकंद) यांची अदलाबदल. १.०९ आला तर २२ आणि २४ तास, किंवा ० आणि २५ अंश. १.१० आला तर शॉर्ट टन. २.२ आला तर पौंड. २.२८ आला तर १६० दिवसांचा हंगाम वर्षभर पसरवलाय. ६० किंवा २४ आला तर वेळेची एक पायरी राहून गेली. १.०६ आला तर घनता.

आणि १.००२ आला तर मध्येच केलेलं पूर्णांकन. ०.०११५७४ ऐवजी ०.०११६ वापरलं की ५००० टनांचे ५०११ होतात. रोज ११.२ टन, हंगामात १,७९२ टन ऊस असा जो कधी काट्यावर आलाच नाही. गणितात सगळे आकडे ठेवा, लिहिताना शेवटी कमी करा. मीटरच एक टक्का मागेपुढे असेल तर ५७.८७०३७ लिहिण्यात अर्थ नाही, ५७.९ पुरे.

टोटलायझर

एवढं सगळं बरोबर करूनही एकूण प्रवाहाची बेरीज (टोटलायझर) चुकते, ती पीएलसीमध्ये, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या नियंत्रक संगणकात. तिथे बऱ्याचदा ३२ बिटांची दशांश संख्या वापरतात; तिला सात आकड्यांच्या आसपास अचूकता असते. ५७.८७ किलो प्रतिसेकंद दर १०० मिलिसेकंदांना मिळवला, तर प्रत्येक वेळी ५.७८७ किलो बेरजेत जातात. बेरीज ३३,५५४ टनांपुढे गेली की ती संख्या ४ किलोच्या टप्प्यानेच पुढे सरकू शकते, म्हणून ५.७८७ चे ४ होतात. ६७,१०९ टनांपुढे टप्पा ८ चा होतो, तेव्हा ५.७८७ चे ८ होतात. आणि १,३४,२१८ टनांवर टप्पा १६ चा होतो, ५.७८७ हे त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून प्रत्येक मिळवणी शून्य ठरते आणि आकडा तिथेच थिजतो. सलग गाळप असेल तर हंगामाच्या साधारण २६व्या दिवशी. मीटर ठीक असतो, ट्रान्समीटर ठीक असतो, आणि वायरिंग उगीच उसकलं जातं.

६४ बिटांची संख्या उपलब्ध असेल तर ती वापरा. नसेल तर दोन रजिस्टर ठेवा: एकात किलो साठवा, १००० झाले की त्यातून १००० वजा करा आणि दुसऱ्या, पूर्णांकाच्या रजिस्टरमध्ये १ टन मिळवा. उरलेले किलो पहिल्यात तसेच राहू द्या, ते शून्य करू नका. शून्य केले तर दर टनामागे काही किलो गळत राहतील.